शिंगाकानांची टोपरी

जुन्नर तालुक्यात कुकडी आणि मीना या नद्यांच्या खोऱ्यांत धरणे झाली, कालव्यांचे पाणी शिवारात फिरले, आणि ज्या जमिनीत पूर्वी बाजरी नि हुलगा यांपलीकडे फारसे काही पिकत नसे तिथे आत शिरलेला माणूस बाहेरून दिसू नये इतके दाट उसाचे मळे उभे राहिले. आणि या समृद्धीच्या पाठोपाठ, दसरा-दिवाळीच्या सुमारास, बीड आणि नगर जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून ऊस तोडणाऱ्या मजुरांची बिऱ्हाडे आमच्याकडे नेमाने उतरू लागली. मुकादमाकडून उचल घ्यावी, ती फेडण्यासाठी नवरा-बायकोने मिळून एक ‘कोयता’ म्हणून त्याच्या वहीत लागावे, गळिताचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बांबूच्या चटया आणि प्लास्टिकचे कागद यांच्या कोपीत दिवस काढावेत, आणि वळवाच्या आधी गाव गाठावे, असा हा वहिवाटीचा क्रम आहे. या बिऱ्हाडांबरोबर मुलेही येतात. त्या मुलांसाठी गेली काही वर्षे मी क्रोशाच्या सुईवर प्राण्यांच्या कानाशिंगांची, मफलर जोडलेली टोपरी विणत आले आहे, आणि त्या कामाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

थंडीची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण शहरात राहणाऱ्या वाचकाला तिची नीटशी कल्पना असेलच असे नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचा पारा कित्येकदा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्यात पाणी दिलेल्या शिवारातला ओलावा मिसळला म्हणजे ती थंडी अंगावरच्या कापडाची भीड धरत नाही. आईबाप पहाटेच्या अंधारातच फडावर जातात, आणि मुले एक तर कोपीत मागे राहतात किंवा बांधावर पाचटाच्या ढिगाशेजारी गोधडीत गुंडाळून ठेवली जातात. नवजात अर्भकाचे मस्तक त्याच्या देहाच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि प्रौढ माणसाचे सुमारे एक अष्टमांश. म्हणजे मूल जितके लहान तितका त्याच्या अंगाचा मोठा हिस्सा डोक्याचा असतो, आणि तेच नेमके उघडे राहते. ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना शरीरशास्त्र न शिकता ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी टोपडे आणि पाठीवर रुळणारा कापडाचा पडदा एकत्र शिवून कुंची निर्माण केली. आणि धनगरानेही घोंगडीचे एक टोक दुमडून, तिची खोळ करून, डोके आणि पाठ एकाच वस्त्राखाली घेतली. टोपरे आणि मफलर एकसंध विणण्याची कल्पना परदेशी नमुन्यांच्या पुस्तकांतून आपल्याकडे आली असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन वस्त्रांकडे एकदा पाहावे.

आता कोणी विचारील की आठवड्याच्या बाजारात यंत्रावर विणलेल्या माकडटोप्या इतक्या स्वस्त मिळत असताना हाताने विणण्याचा हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला फडावरच मिळाले. दानशूर मंडळी थंडीच्या दिवसांत येतात आणि सर्व मुलांना एका रंगाच्या, एका मापाच्या माकडटोप्या वाटून जातात. त्यांच्या सद्भावनेविषयी माझ्या मनात किंचितही शंका नाही. परंतु थोड्याच दिवसांनी त्यांतली एखादी टोपी गरम भांडे उचलण्याचे फडके झालेली दिसते, एखादी बैलाच्या दाव्याला गुंडाळलेली असते, आणि मुले उघड्या डोक्यानेच फिरत असतात. त्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही. टोपी टोचते, मान आवळते, आणि मुख्य म्हणजे ती अमक्याची असे तिच्यावर काहीच नसते. लहान मुलाच्या डोक्यावर टोपी घालणे सोपे असते, ती तिथे राहणे सर्वस्वी त्या मुलाच्या मर्जीवर अवलंबून असते. आणि मर्जी संपादन करण्याचे काम अस्वलाचे दोन कान जितके करतात तितके लोकरीचा दर्जा करीत नाही. म्हणून कान आणि शिंगे ही मी शोभेची बाब मानीत नाही. टोपऱ्याची ऊब त्यांच्यावरच अवलंबून आहे असे माझे मत आहे.

माझी उमेदवारी मात्र अगदी निराळ्या प्रकारच्या विणकामात झाली. 1962 साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा मी शाळेत होते, आणि देशभरच्या स्त्रियांप्रमाणे आमच्या शाळेतल्या मुलीही सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. दोन सुया, हिरवट करडी लोकर, सुलट-उलट टाक्यांची पट्टी, आणि भिंतीवर लावलेला मापांचा तक्ता. ज्याच्या अंगावर ते जायचे तो माणूस कोण, कसा, त्याला काय आवडते, हे विचारण्याचा प्रसंगच नव्हता आणि ते योग्यही होते, कारण सैन्याला लागतो तो गणवेश. पुढे मी शिवण-विणकामाची शिक्षिका झाले, आणि तक्त्याप्रमाणे विणणे हीच विणकामाची शिस्त असे वर्षानुवर्षे मुलींना शिकवीत आले. ती शिस्त मी आजही मोडलेली नाही. पण तक्ता उघडण्याच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो, हे मला निवृत्तीनंतर या मुलांनी शिकवले.

दोन सुया सोडून मी क्रोशाकडे वळले याला कारण आहे. दोन सुयांवरच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके सुईवर जिवंत असतात, आणि सुई निसटली तर ते सर्वच्या सर्व धोक्यात येतात. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच फास आकड्यावर असतो, बाकीचे काम बांधून पक्के झालेले असते. म्हणजे मध्येच मूल रडले, चूल विझली, कोणी हाक मारली, तरी तो एक फास थोडा लांब ओढून ठेवावा आणि खुशाल उठावे. गरिबांच्या घरांत ही कला इतकी रुजली याचे बरेचसे श्रेय मी या एका फासाला देते. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या कित्येक कुटुंबांना बायकामुलींनी विणलेल्या क्रोशाच्या जाळीने आधार दिला. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर परिसरात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही विद्या नेली आणि तिथल्या स्त्रिया घरबसल्या आजही लेस विणतात. त्यांना मिळणारी मजुरी त्यांच्या कौशल्याच्या मानाने नेहमीच अत्यल्प राहिली, हेही सांगितले पाहिजे. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे कधीच आली, त्यांवर लुधियानाचे कारखाने चालतात. पण क्रोशाचा टाका जसाच्या तसा घालणारे यंत्र प्रचारात आलेले नाही, त्यामुळे बाजारात क्रोशाची कोणतीही वस्तू दिसली तर ती कोणाच्या तरी हातांनी केलेली आहे असे खुशाल समजावे.

टोपऱ्याची रचना समजायला सोपी आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर 50 ते 51 सेंटिमीटर असतो. त्यासाठी सुमारे 46 सेंटिमीटर लांब आणि 23 सेंटिमीटर रुंद असा आयत विणावा, तो मधोमध दुमडावा आणि मागची कड शिवून टाकावी, की टोपरे झाले. मग त्याच्या खालच्या कडेवर टाके उचलून दोन्ही बाजूंना मफलरच्या पट्ट्या काढाव्यात, म्हणजे जोड गळ्याशी येत नाही आणि टोचत नाही. नुसते खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, घातले तर काम भराभर उरकते खरे, पण त्यांच्यामधल्या फटींतून वारा आत येतो. ऊब ही लोकरीत अडकून राहिलेल्या स्थिर हवेची असते, आणि वाहती हवा ती घेऊन जाते. म्हणून मी 5 मिलिमीटरच्या सुईवर अर्धे खांब घालते आणि चेहऱ्याभोवतीची कड मुक्या खांबांच्या, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांच्या, दोन ओळींनी बांधते. अस्वलाचा कान करताना गोल फासात सहा मुके खांब घालून पुढच्या फेरांत बारा, मग अठरा असे वाढवीत न्यावे आणि ती चकती दुमडून अर्धवर्तुळ शिवावे. मांजराचा कान साध्या त्रिकोणाचा. सशाचा कान लांब, आणि तो उभा राहावा अशी इच्छा असेल तर दुहेरी.

लोकरीच्या निवडीबाबत मात्र मी आग्रही आहे, आणि त्याचे कारण शेकोटी आहे. फडावर पाचटाला तोटा नसतो, पाचट क्षणात भडकते, आणि गारठलेली मुले ज्वाळेला जितके जवळ जाता येईल तितके जातात. बाजारात लोकर म्हणून जे विकले जाते त्यातले बहुतेक ॲक्रिलिक असते. ते धुवायला सोपे, लवकर वाळणारे, रंगांत देखणे आणि खिशाला परवडणारे असते, पण पेटले म्हणजे वितळते आणि कातडीला चिकटते. खरी मेंढीची लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्वाळा दूर झाली की बहुधा विझते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यावा, केस जळल्याचा वास येऊन चुरगळणारी राख उरली तर लोकर, आणि कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण गालाला सोसवत नाही, म्हणून मऊ लोकर मला पुण्याहून मागवावी लागते. ती थंड पाण्यात रिठ्याने धुवावी, पिळू नये, एवढे मी प्रत्येक आईला सांगते, आणि पाणी मैलभरावरून डोक्यावर आणणाऱ्या बाईला धुण्याचे नियम सांगताना मला संकोच वाटतो. यासाठीच मी शक्यतो गडद रंग वापरते, जे धूर आणि धूळ पोटात घेतात. मफलरच्या पट्ट्या मी आखूड ठेवते आणि एका पट्टीत साखळ्यांची खाच सोडते, म्हणजे दुसरी पट्टी तीतून ओवून छातीशी बसते. लोंबणारी टोके शेकोटीत जातात किंवा टायरगाडीच्या चाकात अडकतात. फडावरच्या आयांना हे भय माझ्याहून अधिक ठाऊक होते, आणि पट्टी केवढी असावी हे पहिल्यांदा त्यांनीच हात लावून दाखवले.

आता प्राण्यांविषयी. छापील नमुन्यांत पांडा असतो, कोल्हा असतो, पेंग्विन असतो. मी ती चित्रे घेऊन फडावर गेले तेव्हा मुलांनी ती सौजन्याने पाहिली आणि गप्प राहिली. मग मी पुस्तक मिटले आणि प्रत्येकाला विचारले, तुला कोण व्हायचे आहे? हा प्रश्न त्यांच्या सरावातला नसावा. ज्या मुलांचे गाव, शाळा, झोपण्याची जागा, जेवणाची वेळ या सर्वच गोष्टी मुकादमाची उचल आणि कारखान्याची टोळीपत्रके ठरवतात, त्यांना कोणी काही निवडायला सांगितल्याचे आठवत नव्हते. आणि जेव्हा उत्तरे येऊ लागली तेव्हा ती एकाही पुस्तकात नव्हती. एकाला कोंबडा हवा होता, तुऱ्यासकट. एका लहान मुलीला शेळी हवी होती, कारण तिची शेळी गावी आजीजवळ राहिली होती. आणि एक सहा-सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “मला बैल.”

टायरगाडी ओढणारे त्याच्या घरचे बैल खिल्लार जातीचे, पांढरे, पाठीकडे वळत गेलेल्या लांब शिंगांचे. शिंगाला वळण द्यायचे तर नळी विणताना एका बाजूला मुके खांब आणि दुसऱ्या बाजूला अर्धे खांब घालावेत. उंच टाक्यांची बाजू लांब होते आणि नळी आपोआप दुसरीकडे वाकते. आत कापूस भरला तर तो दव पिऊन जड होतो, म्हणून मी लोकरीचीच कात्रणे भरली, आणि पोळ्याला घालतात तशा पितळी शेंब्या पिवळ्या धाग्याने टोकांना केल्या. ते टोपरे घेऊन मी गेले, मुलाने ते हातात फिरवून बारकाईने पाहिले, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, “बाई, आमच्या राजाचं डावं शिंग मोडलंया.” मी तिथेच बसून डावे शिंग उसवले आणि अर्धे ठेवून टोक बंद केले. त्यानंतर तो मुलगा संपूर्ण हंगामात उघड्या डोक्याने कोणाला दिसला नाही. रात्रीही ते टोपरे काढू देत नाही अशी त्याच्या आईने माझ्याकडे तक्रार केली, आणि इतकी समाधान देणारी तक्रार मी माझ्या सबंध नोकरीत ऐकली नव्हती.

एका मुलीने बिबट्या मागितला, आणि इथे प्रश्न अवघड झाला. आडसाली ऊस शेतात जवळजवळ दीड वर्ष उभा असतो. त्यात आडोसा मिळतो, पाणी मिळते, वस्तीची कुत्री भक्ष्य म्हणून मिळतात, आणि बिबट्याच्या कित्येक माद्या डोंगर सोडून तिथेच पिलांना जन्म देतात. तोड सुरू झाली म्हणजे फडात पिले सापडतात. वनखात्याची माणसे येऊन ती त्याच जागी पेटीत ठेवतात आणि बहुधा रात्री मादी त्यांना उचलून नेते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, इतका हा प्रश्न आमच्या रोजच्या जगण्याचा आहे. बिबट्याचे हल्ले झाले आहेत, मुले गेली आहेत, आणि उघड्या कोपीत निजणाऱ्या माणसांना त्याचे भय सर्वांत अधिक. मुलीची आई म्हणाली, “नगं बाई. सांजचं त्याचं नाव बी घेऊ नगा.” मुलीचे म्हणणे वेगळे होते: “त्याचं टोपरं घातल्यावर त्याला वाटंल मी त्याचीच हाय.”

दोघींच्याही बोलण्यात मला तथ्य दिसले, पण अशा बाबतीत आईचा शब्द अखेरचा असतो असे मी मानते. मी पिवळ्या लोकरीचे मांजर विणले; मुलीने ते मुकाट्याने घेतले. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा तिने शेकोटीतल्या विझलेल्या कोळशाने त्या पिवळ्या टोपऱ्यावर जागोजाग ठिपके काढले होते, आणि ते नुसते भरीव ठिपके नव्हते, बिबट्याच्या अंगावर असतात तशी मध्ये मोकळी जागा ठेवलेली कडी होती. तिने तो प्राणी पाहिला असला पाहिजे, आणि बराच वेळ पाहिला असला पाहिजे. आईनेही ते ठिपके पाहिले होते. ती काही बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही. धुण्यात ते जातील आणि ती पुन्हा काढील, याबद्दल मात्र मला खात्री होती.

मोठ्या मुली टोपरे मागत नाहीत. दहा-अकरा वर्षांची मुलगी फडावर धाकट्या भावंडाची आईच असते, आणि आपल्यासाठी काही मागणे तिला शोभत नाही अशी तिची समजूत असते. त्यांतल्या काहींना मी सुई दिली. कडेवर मूल घेऊन त्या साखळी घालायला शिकल्या, साखळीवरून मुक्या खांबावर आल्या, आणि मूल कुरकुरले की तो एक फास ओढून सुई वेणीत खोचून उठू लागल्या. एकीने सशाचे टोपरे पुरे केले. ते तिच्या भावासाठी असेल असे मी धरून चालले होते. परंतु ते तिच्या स्वतःच्या मापाचे होते, आणि तिने ते माझ्यासमोर घातले नाही. हंगाम संपला, बिऱ्हाडे गाडीत चढली, तेव्हा सुया मी परत मागितल्या नाहीत.

ज्या वाचकांना क्रोशे येते त्यांना माझी विनंती आहे. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक साखर कारखान्याच्या हद्दीत दिवाळीनंतर अशी बिऱ्हाडे उतरतात आणि त्यांतली मुले शोधावी लागत नाहीत. लोकर दसऱ्याच्या आत घेऊन ठेवा, पण सुई हाती धरण्यापूर्वी एकदा फडावर जा, मुलाच्या डोक्याचे माप स्वतः घ्या, आणि त्याला कोण व्हायचे आहे ते त्याच्याच तोंडून ऐका. टोपऱ्यांचे गठ्ठे मोटारीतून पाठवून देऊ नका. डोळ्यांच्या जागी गुंड्या लावू नका, त्या तुटून मुलाच्या तोंडात जातात. डोळे धाग्याने भरा. गळ्याशी बंद किंवा दोरी ठेवू नका. घरकाम सांभाळून विणणाऱ्या बाईला एका टोपऱ्याला आठवडा पुरतो, आणि कडाक्याची थंडी डिसेंबरच्या मध्यावर सुरू होते.